भिंतीतील अग्नीची निगा

दीपावली हा प्रकाशाचा उत्सव. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घराच्या प्रत्येक कोनाड्यात दिवा लागावा, अंगणात पणत्यांच्या ओळी मांडाव्यात, दारावर आकाशकंदील डोलावा, ही आपली पिढीजात रीत आहे. उत्सवाच्या तयारीत भिंतींना रंग लागतो, तांब्यापितळेची भांडी लखलखतात, फराळाची जुळवाजुळव होते. त्याच भिंतींवर वा भिंतींच्या पोटात जी विजेची तार चाळीस-पन्नास वर्षे निमूटपणे राबत आहे, तिची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. रंगारी तिच्यावरूनच कुंचला फिरवितो आणि ती आणखी दृष्टिआड होते. या मंगल पर्वाच्या निमित्ताने आम्ही वाचकांचे लक्ष त्या तारेकडे वेधू इच्छितो.

‘विद्युत्’ या शब्दात ‘द्युत्’ हा धातू आहे. प्रकाशणे हा त्याचा अर्थ. वीज हे तेजाचेच एक रूप होय, आणि तेजाशी कसे वागावे याची शिस्त आपल्या घरांत फार जुनी आहे. यज्ञात अग्नीला कुंड, स्वयंपाकघरात चूल, देवघरात समई. पात्रावाचून अग्नी घरात आणावयाचा नाही, हा त्या शिस्तीचा गाभा. विजेचेही पात्र असते. तारेवरील आवरण, तिच्यावर पहारा करणारा फ्यूज आणि चुकलेल्या प्रवाहाला जमिनीत वाट देणारी अर्थिंग, ही तीन मिळून ते पात्र होते. चूल फुटली तर गृहिणीच्या दृष्टीस पडते. समई कलंडली तर कोणीतरी धावते. भिंतीतील पात्राला तडा गेला तर तो कोणास दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

जुन्या वाड्यांतील वायरिंग एके काळी मोठ्या निगुतीने केलेले होते, हे मान्य केलेच पाहिजे. सागवानी पट्टी, त्यातून सरळ नेलेल्या रबरी आवरणाच्या तारा, वर सुताची वीण, चिनी मातीचे फ्यूज. परंतु रबर हे आयुष्य असलेले द्रव्य आहे. उष्णतेने आणि वयाने ते कडक होते, त्यास भेगा पडतात आणि हात लागताच त्याचा भुगा होतो. दिव्याच्या होल्डरपाशी, जेथे वर्षानुवर्षे बल्बची धग लागली, तेथे तार प्रथम उघडी पडते. लाकडी पट्टीत उंदीर शिरतात. कौलांतून झिरपलेले पाणी मातीच्या भिंतीत मुरते. पुढे काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. तांब्याच्या तारेशी त्यांना नुसता पीळ देऊन केलेले सांधे कालांतराने सैल पडतात व तापतात.

याहून मोठी गोष्ट भाराची. ज्या काळी या तारा घातल्या गेल्या, त्या काळी घरात साठ वॅटचे आठ-दहा दिवे, दोन पंखे व एक रेडिओ असे. सर्व एकदम चालू केले तरी भार आठशे वॅटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह. आज दोन हजार वॅटचा गीझर, हजार वॅटची इस्त्री आणि हजार-बाराशे वॅटची मायक्रोवेव्ह भट्टी एकदम चालली, की प्रवाह अठरा अँपिअरवर जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाचपट प्रवाह म्हणजे पंचवीसपट उष्णता, हे गणित शाळकरी मुलासही सांगता येईल. येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. पुण्या-मुंबईस किंवा परदेशी स्थिरावलेला मुलगा दिवाळीस घरी येताना वृद्ध आईसाठी गीझर आणतो. त्याचा भाव स्तुत्यच होय. पण त्या गीझरला लागणारी जाड, स्वतंत्र तार तो आणीत नाही. आणि ती माउली अभ्यंगस्नानाच्या पहाटे, ओल्या न्हाणीघरात, दिव्यासाठी घातलेल्या बारीक तारेच्या भरवशावर एकटी उभी असते.

फ्यूज वारंवार जातो, म्हणून त्यात तांब्याची जाड तार अडकविण्याची युक्ती घरोघर आढळते. फ्यूज हा मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा आहे. आपण वितळून घर वाचवावे, एवढेच त्याचे कार्य. त्यास बळकट केले, की पुढे वितळावयाची पाळी भिंतीतील तारेवर येते. काही जुन्या घरांत न्यूट्रल तारेवरही फ्यूज असतो. तो गेला तर दिवे विझतात, परंतु तारेत वीज तशीच खेळत राहते. पुरवठा बंद आहे असे समजून हात घालणारा फसतो तो येथेच.

अर्थिंगची कथा याहून निराळी नाही. पूर्वी अनेक घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधून ठेवीत. पुढे नळ प्लास्टिकचे झाले आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्या घरांची अर्थिंग नाहीशी झाली. तीन पिनांच्या सॉकेटातील वरचे भोक आजही आहे. त्याच्या पाठीमागे मात्र काही नाही. मंडपात ध्वनिक्षेपकाच्या दांड्याला हात लावताच मुंग्या येतात, हा अनुभव आम्हां कीर्तनकारांस नवा नाही. मुंग्या येणे ही सूचना असते. फ्रिज, धुलाईयंत्र वा गीझर अशी सूचना देत असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नये.

एमसीबी बसविला, आता चिंता नाही, असेही पुष्कळांस वाटते. एमसीबी अतिरिक्त भारापासून व शॉर्टसर्किटपासून तारेचे रक्षण करतो. माणसाला बसणारा धक्का त्यास कळत नाही. त्यासाठी आरसीसीबी हे वेगळे उपकरण आहे. आत गेलेला व परत आलेला प्रवाह यांचा जमाखर्च ते सतत मांडीत असते. त्यांत तीस मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे प्रवाह कोणाच्या तरी देहातून वा ओल्या भिंतीतून अन्यत्र जात आहे असे जाणून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर चाचणीचे बटण असते. निदान तीन महिन्यांतून एकदा ते दाबून पाहावे.

आता हे काम करावे कोणी? आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांचे घराशी नाते असे. पूर्वी कोणता वासा किडला होता, हे सुताराच्या स्मरणात असे. विजेचे काम करणारा कारीगर हा आजच्या घराचा तसाच आप्त होणे इष्ट होय. शक्यतो आपल्याच गावातील माणूस निवडावा. तो पुन्हा भेटतो, त्यास आपल्या शब्दाची लाज असते आणि रात्री-बेरात्री तो धावून येतो. परंतु ओळख म्हणजे पात्रता नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘वीजतंत्री’ व ‘तारतंत्री’ हे अभ्यासक्रम आहेत. तारतंत्री, पर्यवेक्षक व विद्युत ठेकेदार यांस शासनाचे परवाने मिळतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ सालच्या विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावयाचे असते. परवाना पाहावयास मागण्यात संकोच कसला? लग्नाचा मुहूर्त काढताना आपण पंचांग मागतोच.

कामापूर्वी मेगर यंत्राने तारांच्या आवरणाची चाचणी करून आकडा कागदावर लिहून घ्यावा. एक मेगओहमहून कमी आकडा आला, तर ठिगळे न लावता ती तार बदलावी. तारा, स्विच व सॉकेट भारतीय मानक चिन्हाचेच घ्यावेत. गीझर व वातानुकूलन यंत्र यांस स्वतंत्र तार असावी. भार वाढला असल्यास वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. आणि एक विनंती. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कारीगरास बोलावून ‘मेन स्विच बंद करू नका, घरात पाहुणे आहेत’ असे कदापि सांगू नये. त्याच्याही घरी दिवा लावणारे कोणी वाट पाहत असते. त्यास वेळ द्यावा, चहा द्यावा, आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता सणापूर्वी द्यावी. खंडेनवमीस तो आपल्या पकडीची व टेस्टरची पूजा करतो. त्या हत्यारांचा मान आपणही राखावा.

वाड्यांत एक अडचण हटकून येते. मालक म्हणतो, वापर भाडेकरूचा. भाडेकरू म्हणतो, भिंत मालकाची. या वादात जिन्याखालची मीटरची जागा कोळिष्टकांनी भरून जाते, आणि तो लाकडी जिनाच सर्वांची एकमेव वाट असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने दुरुस्तीचे कर्तव्य मालकावर ठेविले आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही ते न झाल्यास भाडेकरूस दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, परंतु वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांतील भाडे इतके अल्प, की त्या चतुर्थांशात मीटरखालची फळीही बदलणार नाही. तेव्हा कायद्याची कलमे मोजीत बसण्यापेक्षा दोघांनी खर्च वाटून घेणे शहाणपणाचे. ज्वाळा सातबारा पाहून पसरत नाहीत.

क्षेत्रस्थानी राहणाऱ्यांवर आणखी एक दायित्व आहे. पाडव्यानंतर दहा दिवसांतच पंढरीत कार्तिकी एकादशी येते. पुढे वद्य पक्षात आळंदीची वारी. घरोघरी वारकरी उतरतात, एका खोलीत दहा-दहा माणसे निजतात, एकाच सॉकेटवर जोड लावून दिवे, पंखे व मोबाइल चालतात. ज्यांनी विश्वासाने आपल्या ओसरीवर पथारी टाकली, त्यांच्या उशाशी उघडी तार असू नये, हा आतिथ्याचाच भाग होय.

सणापुरते थोडके सांगतो. एलईडी माळांचा भार नगण्य असतो. धोका त्यांच्या पातळ आवरणाचा व उघड्या सांध्यांचा. तुळशीवृंदावनापाशी, ओल्या सज्जात वा सडा घातलेल्या अंगणात असे सांधे ठेवू नयेत. पणती तारेखाली ठेवू नये. कोणास धक्का बसल्यास प्रथम मेन स्विच बंद करावा. ते न जमल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे, हाताने धरू नये. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये. वीज कंपनीस कळविण्यासाठी १९१२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

यंदा फराळाच्या यादीत शेवटची ओळ वायरिंग तपासणीची लिहावी, आणि वृद्ध मातापित्यांच्या घरी जाणाऱ्या लेकरांनी भेटवस्तूआधी त्या घराचा स्विचबोर्ड उघडवून पाहावा. भिंतीतील हा अग्नी मर्यादेत राहो, आणि सर्व घरांतील दीप निर्वेध तेवत राहोत, हीच आमची दीपावलीची शुभेच्छा.