घरोघरच्या गोष्टी : चांच्यांचा वाढदिवस

मुलांचा वाढदिवस हा एके काळीं घरांतल्या घरांत उरकणारा समारंभ होता. सकाळीं तेल लावून न्हाणें, पाटाभोंवतीं रांगोळी, औक्षण, देवाला व वडील माणसांना नमस्कार आणि पानांत एखादें गोड, एवढ्यानें मुलाला आपण एका वर्षानें मोठे झालों याची खात्री पटत असे. आतां त्याला हॉल लागतो, फुग्यांची कमान लागते, आणि ज्याला थीम म्हणतात तें एक सोंगही लागतें. कोणाचा वाढदिवस जंगलाचा, कोणाचा आकाशयानाचा. हें सर्व वाईटच आहे असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नाहीं. सोंग घेणें मुलांना आमच्या वेळींही आवडत होतें. त्याचें बिल तेवढें येत नसे.

गेल्या मे महिन्यांत आमच्या घरीं जो वाढदिवस झाला, त्याचें सोंग समुद्रावरील चांच्यांचें होतें. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

आमच्या घरांत तिघे भाऊ एकत्र राहतात. मी मधली सून. धाकट्या भाऊजींचा कारखाना फेब्रुवारींत बंद पडला. मुलांना कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं असें आम्हां मोठ्यांचें ठरलें होतें, आणि अशा ठरावांचें जें होतें तेंच त्याचेंही झालें. आदल्या वर्षीं त्यांच्या मुलाचा वाढदिवस एका हॉलमध्यें झाला होता. यंदा त्याच हॉलवाल्यानें दर ताटास ४५० रुपये सांगितले; सजावट व जादूगार निराळे. थोरल्या भाऊजींनीं जेवतांना सहज म्हटलें, "मी देतों, त्यांत काय एवढें?" बोलणें मनापासूनचें होतें. पण धाकट्या जावेनें पानांतला घांस पानांतच ठेवला, हें मीं पाहिलें. आणि, पुढें कळलें त्याप्रमाणें, तिच्या मुलानेंही पाहिलें.

दोन दिवसांनीं तो मजकडे आला. "काकू, यंदा माझा वाढदिवस नको. मी आतां मोठा झालों." त्याला नववें संपून दहावें लागावयाचें होतें. मीं विचारलें, "आणि केलाच असता तर कसा केला असता?" "चांच्यांचा!" उत्तर इतकें चटकन् आलें, कीं तें कित्येक दिवस तोंडाशीं येऊन थांबलेलें होतें याविषयीं शंका उरली नाहीं.

एकत्र कुटुंबांत पैशाची मदत करणें सोपें असतें, ती घेणें फार कठीण. म्हणून त्या रात्रीं ओट्याशीं आम्हीं तिघी जावांनीं निराळा करार केला. खर्च धाकटीनें आपल्याच पर्सांतून करावयाचा, त्याची मर्यादा एक हजार रुपये. बाकीच्यांनीं एक पैही न देतां नुसतें काम द्यावयाचें. पाहुणीं मुलें १४, त्यांत घरचीं पांच. या करारास थोरल्या जाऊबाईंनीं प्रथम नाक मुरडलें. पण पुढें गलबत बांधण्यास सर्वांत आधीं त्याच बसल्या.

खरी अडचण पैशाची आलीच नाहीं. ती आली वडील माणसांकडून. आम्ही पुण्यांत राहत असलों तरी मामंजी मूळचे अलिबागचे. ओहोटीच्या वेळीं पायीं चालत कुलाब्याच्या किल्ल्यांत जाणें हा त्यांच्या बालपणींचा नित्याचा खेळ. चांच्यांचा वाढदिवस हे शब्द कानावर पडतांच त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. "आमच्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चांचा म्हणत. तोच शब्द नातवाच्या वाढदिवसाला?"

त्यांचें म्हणणें नुसतें रागाचें नव्हतें. पोर्तुगीज लोक आपल्या समुद्रांत कार्ताझ नांवाचे परवाने विकीत आणि परवाना नसलेलें जहाज पकडीत. त्याला कोणी चांचेगिरी म्हणत नसे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं आपल्या किनाऱ्यावर आपलें दस्तक घेतल्यावांचून फिरणारीं जहाजें पकडलीं, तेव्हां मात्र मुंबईच्या इंग्रजांना तो शब्द सुचला. १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. कान्होजी १७२९ सालीं वारले तेव्हां कुलाबा त्यांच्याच ताब्यांत होता. अलिबागेस त्यांची समाधि आहे. आणि आज मुंबईंतील भारतीय नौदलाच्या एका तळाला आंग्रे हेंच नांव आहे.

"मग खरे चांचे कोण होते, आजोबा?" पुतण्यानें विचारलें. हा प्रश्न त्यानें केला नसता तर बेत तेथेंच बुडाला असता. त्या रात्रीपासून आठवडाभर मुलें गच्चीवर मामंजींभोंवतीं जमूं लागलीं. हेन्री एव्हरी या इंग्रज चांच्यानें १६९५ सालीं औरंगजेबाचें गंज-इ-सवाई हें जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेस परतत असतां लुटलें, आणि तो पुढें कधींच सांपडला नाहीं. विल्यम किड याला तर चांचे पकडण्याच्याच कामगिरीवर पाठविलें होतें. तो स्वतःच चांचा ठरला आणि १७०१ सालीं लंडनमध्यें फांसावर चढला. मुलांना किड अधिक आवडला. कारण, मला वाटतें, चोर पकडण्यास गेलेला चोर होतो ही गोष्ट शाळेंत मॉनिटर झालेल्या प्रत्येकाला पटण्यासारखी आहे.

अशा रीतीनें खेळाला कथानक मिळालें. चांच्यांनीं सुरतेच्या जहाजावरची पेटी पळवून लपविली आहे, आणि सरखेलांचें आरमार तिच्या मागावर आहे. दोन गलबतें, सात-सात गडी. आतां प्रत्येकाला सरखेलांकडेच जावयाचें होतें! शेवटीं चिठ्ठ्या टाकल्या. वाढदिवसाच्या धन्याला मात्र चांचाच व्हावयाचें होतें, त्यामुळें एक चिठ्ठी वांचली.

दुसरी हरकत सासूबाईंची. निशाणावर कवटी आणि हाडें काढण्याचें घाटत होतें. "औक्षणाच्या दिवशीं घरांत कवटी टांगायची नाहीं," असें त्यांनीं बजावलें, आणि मला त्यांचें म्हणणें योग्य वाटलें. खऱ्या चांच्यांचीं निशाणें तरी कोठें एकसारखीं असत? तुमची घटका भरत आली हें दाखविण्यासाठीं कोणी त्यांवर वाळूचें घड्याळही काढीत. आमच्या चांच्यांनीं, बराच खल करून, जुन्या अभ्र्यावर मिशा असलेला मासा काढला. त्याला पाहून शत्रु भ्याला असता कीं नाहीं तें सांगवत नाहीं, पण सासूबाई हंसल्या.

ज्यांना असा बेत करावयाचा आहे त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी लिहितें. मुख्य जिन्नस म्हणजे नकाशा. साधा पांढरा कागद चुरगळून पुन्हा पसरावा, त्यावर चहाचा थंड काढा बोळ्यानें फिरवावा आणि उन्हांत वाळूं द्यावा. तो दोनशें वर्षांचा दिसूं लागतो. कडा मेणबत्तीवर जाळण्याचा मोह मुलांना होतो, तेवढा टाळावा. हातानें फाडल्या तरी चालतात. हें काम पैसे देऊन करून घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं. १८८१ सालीं स्कॉटलंडमध्यें पावसाळी हवेंत घरांत अडकून पडलेल्या स्टीव्हन्सननें आपल्या सावत्र मुलाच्या संगतीनें रंगाची पेटी घेऊन एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशावरून ट्रेझर आयलंड ही कादंबरी जन्मली. लपविलेला खजिना, त्यावर फुली मारलेला नकाशा, खांद्यावरचा पोपट, हें चांच्यांचें जें रूप आज सर्वांना ठाऊक आहे तें बव्हंशीं त्या पुस्तकानें दिलेलें आहे. पुढें तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोंचलाच नाहीं आणि स्टीव्हन्सनला आपलीच कादंबरी पुन्हा वाचून तो नव्यानें काढावा लागला. म्हणून सांगतें, नकाशाची एक नक्कल ठेवावी. आमचा पहिला नकाशा वाळत असतां वाऱ्यानें शेजाऱ्यांकडे गेला.

गलबतें दोन मोठ्या खोक्यांचीं केलीं. फ्रिजचीं खोकीं दुकानदार बहुधा फुकट देतो. त्याला अडगळच असते. डोलकाठीला केरसुणीचा बांबू आणि शिडाला विटलेली चादर. गच्चीच्या कठड्यापासून गलबतें चांगलीं दहा हात दूर ठेवावींत, कारण समुद्र पाहण्यासाठीं खलाशी वर चढणारच. डोक्याचे रुमाल जुन्या लुगड्याच्या धडक्या भागांतून निघाले. एका डोळ्यावरची काळी पट्टी मुलांना अत्यंत प्रिय. पण एक डोळा झांकला कीं अंतराचा अदमास चुकतो आणि पळतांना मूल आपटतें. म्हणून पळतांना ती कपाळावर सरकवावी असा आरमारी हुकूम काढला. वर्तमानपत्राच्या सुरळीच्या तरवारी पांच मिनिटांतच वांकल्या, आणि तें उत्तमच झालें.

खाण्याचें थोडक्यांत सांगतें. दडपे पोहे, ओली भेळ, कोकमाचें सरबत आणि रव्याचा केक. कलिंगडें दोन आणलीं. उभीं अर्धीं चिरून, गर काढून, त्यांचीं चार गलबतें केलीं आणि गराच्या फोडी त्यांतच भरल्या. शंकरपाळ्यांच्या पिठाची जाड पोळी लाटून बाटलीच्या झांकणानें कापली, कीं तळून सोनेरी मोहरा होतात. त्या १२० झाल्या. तळतांना मोजल्या होत्या, पेटींत भरतांना १०३ भरल्या. मधल्या तफावतीचा तपास आम्हीं केला नाहीं.

पण या सगळ्यांत रंग आणला तो मामंजींच्या मोडी लिपीनें. पेटीकडे नेणाऱ्या सहा खुणांच्या चिठ्ठ्या त्यांनीं बोरूनें मोडींत लिहिल्या, आणि अक्षरांचा एक-एक तक्ता प्रत्येक गलबतावर टांगला. पहिली चिठ्ठी तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यांत, दुसरी तांदुळाच्या डब्यांत, तिसरी बंद पडलेल्या रेडिओच्या मागें. एक-एक अक्षर ताडून ओळ लावण्यास मुलांना इतका वेळ लागे, कीं मला भीति वाटली, तीं कंटाळतील. एका पाहुण्यानें मला विचारलेंही, "काकू, जादूगार कधीं येणार?" मीं सांगितलें कीं येणार नाहीं. त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "बरं. मग हें अक्षर 'भ' आहे कीं 'म'?"

त्याच वेळीं सर्वांत लहान पुतणी, वय वर्षें चार, जिला कोणत्याच गलबतावर घेतलें नव्हतें, ती स्वतःच्या पायांनीं माळ्याच्या जिन्याखालीं गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेवर बसली. खजिना तिनें चिठ्ठीवांचूनच शोधला होता. दोन्ही गलबतांवर मोठी ओरड झाली. शेवटीं मामंजींनीं पंच म्हणून निकाल दिला कीं जिच्याजवळ दस्तक मागण्यास कोणी गेलें नाहीं तिला चांचा म्हणतां येणार नाहीं. मोहरा सर्वांनीं वांटून घ्याव्या आणि पहिली मूठ तिची. त्या मोहरांबरोबर प्रत्येकास कापडी पिशवींत दहा गोट्या मिळाल्या. परतभेट म्हणून प्लॅस्टिकचें जें कांहीं देतात तें दुसऱ्या दिवशीं मोडतें. गोट्या, उलट, महिनाभर सर्वांच्या पायांखालीं येत होत्या.

संध्याकाळीं देवापुढें औक्षण झालें. केकावर मेणबत्त्या नव्हत्या. लावलेला दिवा फुंकून विझवणें सासूबाईंना खपत नाहीं आणि तो वाद आमच्याकडे केव्हांच संपलेला आहे. कपाळावर काळी पट्टी तशीच ठेवून पुतण्या पाटावर बसला. धाकट्या भाऊजींनीं त्या दिवशीं, कित्येक आठवड्यांनंतर, सर्वांच्या पंक्तीला बसून जेवण केलें. दुपारभर तेच चांच्यांच्या गलबताचे तांडेल होते. सात मुलें "तांडेल, तांडेल" म्हणून हांका मारीत होतीं आणि ते घसा बसेपर्यंत हुकूम सोडीत होते.

खर्चाचा हिशेब धाकटीनें रात्रीं वहींत मांडला. एकूण १,०४० रुपये. चाळीस रुपये वर गेले ते सोनेरी कागदापायीं, आणि तो कागद मीं आणावयास सांगितला होता, हें ती अजून ऐकवते. मीं ते चाळीस रुपये देऊं केले. तिनें घेतले नाहींत.

रुमाल धुऊन कपाटांत ठेवले आहेत, कारण ऑक्टोबरांत थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचा वाढदिवस येतो आणि तिनें आतांच सरखेल व्हावयाचें ठरविलें आहे. मामंजी तिला मोडी शिकवीत आहेत. गलबतें मात्र रद्दींत देण्याची गोष्ट काढतांच नऊ जणांचें शिष्टमंडळ माझ्याकडे आलें. पहिला पाऊस पडेपर्यंत तीं गच्चीवरच नांगरलेलीं राहतील, असें ठरलें.