उजेड, वाट आणि गल्ला

लक्ष्मी रस्त्यावर असो वा दादरला, साडीच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येते, ‘‘दादा, जरा बाहेर उजेडात बघू का?’’ मग पांढऱ्या गादीवरच्या ढिगातली एक साडी उचलून सेल्समन दाराशी जातो, मागोमाग मावशी, त्यांची लेक आणि कंटाळलेला जावई. आत जांभळी वाटलेली साडी फुटपाथवर वांगी निघते आणि जमत आलेला सौदा मोडतो. त्याच दुकानात पीओपीचे तीन थरांचे छत असते, छतात लपवलेले रंगीत दिवे असतात. त्यावर मालकाने लाखो रुपये ओतलेले असतात. काटकसर झालेली असते ती नेमकी साडीवर पडणाऱ्या दिव्यात.

दिव्याखाली रंग किती खरा दिसतो, हे मोजायचे माप आहे. त्याला सीआरआय म्हणतात आणि त्याची कमाल १००. बाजारात सर्रास मिळणारे एलईडी ८०च्या आसपास असतात; कापडाच्या दुकानाला ९० किंवा त्याहून वरचे हवेत. ते थोडे महाग पडतात, पण छताच्या नक्षीपुढे ती रक्कम चिल्लर आहे. सराफांना हे फार पूर्वी उमगले. सोन्याच्या काउंटरवर पिवळसर उजेड आणि हिऱ्यांच्या काउंटरवर पांढरा, अशी वाटणी मोठ्या पेढ्यांत नजरेस पडते.

आपल्याकडे दुकानाची अंतर्गत रचना हा उद्घाटनाचा खर्च समजला जातो. पूजा, पेढे, हार आणि इंटिरियर. फोटोत झळकेल ते आधी होते. गिऱ्हाईक कुठून येईल, कुठे थबकेल, कशाला हात लावेल, याचा विचार कोटेशनमध्ये नसतो, कारण तो चौरस फुटाच्या दराने मोजता येत नाही.

फ्यूचर रिटेलच्या किशोर बियाणींनी हा विचार केला आणि तोही उलट्या दिशेने. त्यांच्या सुपरमार्केटांत सुरुवातीला परदेशी पद्धतीच्या लांबरुंद, चकचकीत वाटा होत्या. लोक त्यातून फेरफटका मारून रिकाम्या हाताने बाहेर पडत. मग २००७च्या सुमारास एका दुकानात त्या वाटा मोडून अरुंद, वाकड्यातिकड्या वाटा करण्यासाठी सुमारे ५० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे २० लाख रुपये खर्च झाले. गहू, तांदूळ, डाळी उघड्या ठेवल्या, कारण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय आपल्याकडे धान्य घेत नाहीत. गर्दी आणि गोंगाट पैसे मोजून आणला गेला. पुढे २०२२मध्ये फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली हे खरे. पण ते पाप कर्जाचे, वाकड्या वाटांच्या माथी मारता येणार नाही.

अर्थात, गर्दी सगळीकडे चालत नाही. अमेरिकेतले दुकानांचे अभ्यासक पॅको अंडरहिल यांनी न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्समध्ये दाराजवळच्या टायच्या स्टँडचे चित्रण केले. येणाऱ्याजाणाऱ्यांचे मागून दोनतीन धक्के लागले की गिऱ्हाईक टाय ठेवून निघून जाई. स्टँड थोडा बाजूला सरकवल्यावर विक्री वाढली. ‘एवढा विचार कशाला, डी-मार्टला कुठे इंटिरियर आहे?’ असेही विचारले जाते. आहे की! २००२मध्ये पवईत पहिले दुकान निघाल्यापासून जपलेला साधेपणा हीच त्यांची सजावट. ते साधे रॅक पाहूनच इथे पैसे वाचतात याची माणसाला खात्री पटते.

मुंबईच्या कॅफेवाल्या इराण्यांनी तर आर्किटेक्टची फी न भरता हे शास्त्र उभे केले. इमारतीच्या कोपऱ्यावरची जागा, म्हणजे दोन बाजूंनी वारा आणि दोन बाजूंनी गिऱ्हाईक. एका फडक्यात पुसले जाणारे संगमरवरी टेबल. वाकवलेल्या लाकडाच्या, वजनाला हलक्या खुर्च्या. त्यांचा मूळ नमुना थोनेट कंपनीने १८५९मध्ये काढला. सहा भागांची ती खुर्ची सुटी केली की एका घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ मावत. भिंतीवरच्या आरशांनी जागा मोठी भासे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला पाठीमागचे टेबलही दिसे. यातली एकही गोष्ट निव्वळ शोभेची नव्हती.

पण या गुणांनी इराण्याला वाचवले नाही. चहा आणि ब्रून मस्क्याच्या दरात त्या जागेचे मोल कधी वसूल झाले नाही. पुढची पिढी गल्ल्यावर बसायला तयार झाली नाही. एकेकाळी शेकड्यांनी असलेले हे कॅफे आता मोजकेच उरलेत. तिकडे लंडनमध्ये २०१०मध्ये ‘दिशूम’ हे इराणी कॅफेच्या धर्तीचे रेस्टॉरंट सुरू झाले. तेच संगमरवर, त्याच खुर्च्या, तशाच पाट्या. दाराबाहेर रांगा लागू लागल्या आणि एडिंबरा, मँचेस्टर, बर्मिंगहॅमपर्यंत शाखा गेल्या. मुंबईत जे वातावरण चहासोबत फुकट मिळत होते, ते दिशूमने बिलात धरले. इराण्याला ती सोय नव्हती. त्याचे गिऱ्हाईक कटिंगचे पैसे मोजून देणारे होते.

दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्यांचा विचार तर अगदी शेवटी होतो. केरळने २०१८मध्ये आणि तमिळनाडूने २०२१मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. कायदा लागावा, इतकी ती गोष्ट नकाशातून गायब असते. जुन्या गादीवर विकणारा आणि घेणारा दोघेही बसत. काचेच्या काउंटरने आधी विकणाऱ्याला उभे केले, मग घेणाऱ्यालाही. संध्याकाळी सातला, ऐन गर्दीत, पाय दुखणारा माणूस पंचविसावी साडी कशी उलगडतो ते पाहावे.

आता खरी अडचण. नवे दुकान बहुधा भाड्याचे, लिव्ह अँड लायसन्सवर, तीन किंवा पाच वर्षांचे. प्राप्तिकराच्या हिशेबात फर्निचर आणि विजेच्या फिटिंगवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १० टक्के घसारा मिळतो. म्हणजे पाच वर्षांनी वहीत ५९ टक्के किंमत शिल्लक दिसते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे दुसऱ्याच्या भिंतीवर ठोकलेले असते आणि करार संपला की तिथेच राहते. छत, फरशी, भिंतीची लाकडी पट्टी घरमालकाला फुकट. पट्टीवर सरकणारे दिवे, सुटे रॅक, खुर्च्या, चाकांचे काउंटर बरोबर येतात. ठेकेदाराकडून कोटेशन घेताना दोन रकाने वेगळे मागावेत : टेम्पोत चढेल ते आणि चढणार नाही ते.