शेअर माउंट झालाय, हे कोण बघतं?

वीज जाऊन आली की ऑफिसातली सगळी मशिनं एकदमच चालू होतात. लिनक्सचा साधा क्लायंट मिनिटाच्या आत लॉगिनवर येतो. फाइल सर्व्हर मात्र डिस्का तपासत सावकाश उठतो. एफएसटॅबमध्ये शेअरसाठी लिहिलेली ओळ फसते ती या मधल्या वेळात. एकट्या क्लायंटला रीबूट करून घेतलेल्या चाचणीत हे कधी दिसत नाही, कारण तेव्हा सर्व्हर चालू असतो.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'नोफेल' टाका. सल्ला बरोबर, पण अर्धा. नोफेलमुळे बूट अडत नाही, एवढंच. शेअर आला नाही तरी माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर जागेवर असतोच, आणि रात्रीचा बॅकअप त्याच फोल्डरात, म्हणजे क्लायंटच्या स्वतःच्या डिस्कवर, इमानेइतबारे लिहिला जातो. लॉगमध्ये सगळं यशस्वी! रूट पार्टिशन भरलं की पळापळ सुरू होते. तोवर शेअर माउंट झालेला असेल तर त्या फायली त्याच्याखाली झाकल्या जातात. 'डीयू'ला जागा कुठे गेली ते सापडत नाही. आमच्या मते यापेक्षा अडलेलं बूट परवडलं. ते निदान दिसतं.

शेअर बूटच्या वेळीच हवा, हा हट्टच सोडावा. एफएसटॅबच्या ओळीत 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' लिहिलं की कुणी त्या फोल्डरला हात लावेल तेव्हा माउंट होतं. सर्व्हर बंद असेल तर प्रोग्रामला एरर मिळते. खालच्या फोल्डरात चुकून काही लिहिलं जात नाही. जिथे ऑटोमाउंट नको असेल तिथे शेअर माउंट नसताना तो रिकामा फोल्डर 'चॅटर प्लस आय'ने गोठवून ठेवा. मग त्यात रूटलाही फाइल तयार करता येत नाही. शेअरवर अवलंबून असलेल्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' हवंच.

एनएफएस लटकतं म्हणून 'सॉफ्ट' लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर डेटा खराब होऊ शकतो. ज्या शेअरवर लिहायचं आहे तो 'हार्ड'च ठेवावा.

पासवर्डचं काय सांगायचं! एफएसटॅब मशीनवरचा कुणीही युजर वाचू शकतो, तरी सांबा शेअरचे पासवर्ड त्यात सर्रास दिसतात. क्रेडेन्शियल्सची वेगळी फाइल, मालक रूट, परवानगी 600. पाच मिनिटांचं काम आहे. जुन्या एनएएससाठी 'व्हर्स=1.0' लिहून वेळ मारून नेणंही आता पुरे. लिनक्स कर्नलने 2017 मध्ये, 4.13 या आवृत्तीपासून, एसएमबी 1 हा डीफॉल्ट सोडला, आणि त्याच वर्षी वॉनाक्राय पसरलं ते विंडोजच्या एसएमबी 1 मधल्या त्रुटीतून.

'माउंट -ए' चालवून सगळं ठीक दिसलं म्हणून थांबू नका. या महिन्यात सुट्टीच्या दिवशी फाइल सर्व्हरची नेटवर्क केबल काढा, क्लायंट रीबूट करा आणि तुमचा बॅकअप नेमका कुठे लिहितो ते पाहा.