कागदावरची गरिबी

लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार दोन-चार हजार वाढवून सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी. तोच पगार कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढताना आटतो. दुकान भावाच्या नावावर निघते, शेतात काही पिकत नाही, नोकरी तर नेमकी गेल्याच महिन्यात सुटलेली असते.

या लपवाछपवीवर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दोन्ही पक्षांना बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी, असेही बजावले. ते प्रकरण नागपूरचे होते. पत्नीचा अर्ज २०१३ मधला. म्हणजे अंतरिम पोटगीचा वाद निकाली निघायला सात वर्षे लागली. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ अशा अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्या, म्हणते. या ‘शक्यतो’ने किती घरांची चूल थंड ठेवली असेल!

शपथपत्र आले, पण ते तपासणार कोण? नवऱ्याचे आयकर विवरणपत्र, बँकेचे उतारे, सातबारा हे सारे माहेरी परतलेल्या बाईने कुठून मिळवायचे? रोखीत धंदा करणाऱ्याचा तर कागदच नसतो. पगारदार नवरा सापडतो, व्यापारी निसटतो.

लपवणारे केवळ नवरेच असतात, असे नाही. शिकवणीचे वा घरगुती व्यवसायाचे उत्पन्न शपथपत्रात न दाखवणाऱ्या पत्नीही असतात. मात्र ‘शिकलेली आहे, कमावेल’ एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही. कमावण्याची क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष कमाई वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ तर पती-पत्नी दोघांनाही दाद मागू देतात. नांदेडच्या एका शिक्षिकेने पतीला दरमहा ३००० रुपये द्यावेत, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम केला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. आमच्या मते त्यात वावगे काही नव्हते. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे.

पण ‘आहे’ हे ठरवायचे कसे? शंका येताच न्यायालयाने स्वतःच आयकर खात्याकडून आणि बँकेकडून कागद मागवावेत. खोट्या शपथपत्रावर त्याच प्रकरणात कारवाई सुरू करावी. हा अधिकार कायद्यात आहे, वापर क्वचित होतो. थकबाकीदाराला महिनाभर कैदेत पाठवण्याची तरतूदही आहे, मात्र तो आत असताना पोटगी कुठून येणार, याचे उत्तर त्या कलमात नाही.