जुन्या होडीवर नवा भार

मुंबई : किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या छोट्या होड्यांवर वल्ह्यांची आणि शिडाची जागा आउटबोर्ड इंजिनाने घेतली, त्यास बराच काळ लोटला. आता त्याच होड्यांवर बॅटरी, दिवे, जीपीएस आणि ट्रान्सपाँडर चढू लागले आहेत. साधने नवी असली, तरी त्यांचा भार वाहणारी होडी अनेकदा जुनीच असते. प्रश्न नेमका तेथेच आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी सागरी मार्गाने मुंबईत शिरले. त्यानंतर नौकांची नोंदणी, रंगसंगती आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांवर भर देण्यात आला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर विनामूल्य बसविण्याची ३६४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोबाइलच्या कक्षेबाहेरूनही उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठविणारे हे उपकरण निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र, ते संकट आल्यानंतर उपयोगी पडते. संकट टाळण्याची सुरुवात होडीच्या मागच्या फळीपासून होते.

इंजिनाचे वजन, त्याचा रेटा आणि धक्के हीच फळी सोसते. बोल्टच्या छिद्रांतून पाणी झिरपल्यास वरून धडधाकट दिसणारे लाकूड आतून कुजते. फायबरच्या होडीतही आवरणाखालील लाकडाची हीच गत होते. साधारण दहा अश्वशक्तीचे इंजिन ४० किलोंच्या आसपास भरते. त्यातच बॅटरी आणि इंधनाची टाकी मागच्या बाजूस ठेवली, की पिछाडी खाली बसते आणि मागून येणारी लाट सहज आत शिरते. बॅटरी व टाकी शक्य तेवढी पुढे, घट्ट बांधून ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

विजेचा प्रश्नही दुर्लक्षिला जातो. दोरी ओढून सुरू होणाऱ्या अनेक लहान इंजिनांत बॅटरी चार्ज करण्याची सोय नसते. त्यामुळे दिवे आणि उपकरणे एकाच बॅटरीवर चालविली, तर ऐन गरजेच्या वेळी ती उतरण्याची भीती असते. खाऱ्या हवेत उघडे जोड गंजतात, तर फ्यूजविना टाकलेली तार पेट्रोलच्या टाकीशेजारी आगीला निमंत्रण ठरते.

सर्वांत स्वस्त साधन मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. चालकाच्या मनगटाला अडकविलेली सुरक्षा दोरी तो पाण्यात पडताच इंजिन बंद करते. अमेरिकेत २६ फुटांखालील मोटरबोटींवर अशा व्यवस्थेचा वापर १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झाला. एकट्याने समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारासाठी तिचे मोल अधिक आहे, कारण चालकाविना पुढे गेलेली होडी परत फिरत नाही.

होडी आठवडाभर ओढून ठेवली तर चूल कशी पेटायची, हा मच्छीमाराचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत, होड्या किनाऱ्यावर असताना, फळी, बोल्ट आणि तारांची तपासणी व्हावी. साधनांसाठी अनुदान देताना फळीच्या दुरुस्तीचा खर्चही त्यात धरला गेला पाहिजे. अन्यथा उपग्रहाला होडीचा ठावठिकाणा कळेल, पण ती तरंगत राहील याची हमी कोणीच देऊ शकणार नाही.