गृहस्थाचा हिशेब : मोटारीचा विमा कोणाचें रक्षण करितो ?

घरांत नवी मोटार आली म्हणजे तिला हळदकुंकू लागतें, चाकांखालीं लिंबें ठेविलीं जातात, नारळ फुटतो आणि पेढ्यांचा पुडा शेजारीं जातो. तिच्याबरोबर आलेला विम्याचा कागद मात्र कोणी उघडून वाचीत नाहीं. "आमच्या गाडीचा फुल इन्शुरन्स आहे" एवढें एक वाक्य पाठ असलें म्हणजे पुरे, अशी समजूत. हें "फुल" कशानें भरलें आहे असें विचारावें, तर यजमान एजंटाकडे बोट दाखवितात. संस्कृतांत न मिळालेलें मिळविण्यास 'योग' व मिळालेलें राखण्यास 'क्षेम' असे दोन शब्द आहेत. योगासाठीं आपण चार दुकानें हिंडतों, कर्जाच्या व्याजांत पाव टक्क्याची घांसाघीस करितों. क्षेमाचा कागद मात्र, ज्याचा आंकडा सर्वांत लहान त्याचा, दोन मिनिटांत घेऊन मोकळे होतों. या महिन्याच्या सदरांत त्या आंकड्याचीच फोड करण्याचें योजिलें आहे.

प्रथम कायदा सक्तीनें काय घ्यावयास लावितो तें पाहूं. १९३९ च्या मोटार कायद्यांतील विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. पुढें त्या कायद्याची जागा १९८८ च्या कायद्यानें घेतली, परंतु तत्त्व तेंच राहिलें : तुमच्या गाडीनें रस्त्यावरील तिऱ्हाइताला इजा केली, तर त्याच्या भरपाईची सोय आधीं करून ठेवल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. तसा विमा नसतां गाडी चालविल्यास पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिऱ्हाइताचा मृत्यु अथवा इजा यांबद्दल मोटार अपघात न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती, कितीहि मोठी असो, कंपनीनें भरावयाची. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र खासगी मोटारीच्या बाबतींत साडेसात लाखांची मर्यादा आहे.

या भागाचा दर कंपनी ठरवीत नाहीं, सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत १,००० सी. सी. पर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० सी. सी. पर्यंत ३,४१६ रुपये व त्यावरील मोटारीस ७,८९७ रुपये असे आंकडे आहेत. त्यावर शेकडा १८ कर. हे दर मधून मधून बदलतात, तेव्हां नूतनीकरणाच्या वेळीं पुन्हा पाहून घ्यावे. नव्या मोटारीस हा भाग तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वयें १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम झाला. दर सर्वत्र सारखेच असल्यामुळें "तिऱ्हाइताचा विमा आम्ही स्वस्तांत देतों" असें कोणी म्हणूं लागला, तर त्याचें पुढचें बोलणें ऐकण्याचें कारण नाहीं.

आतां 'तिऱ्हाईत' कोण, हा खरा प्रश्न. रस्त्यानें चालणारा तिऱ्हाईत, सायकलवाला तिऱ्हाईत, समोरच्या गाडींतला तिऱ्हाईत. आणि तुमच्याच गाडींत मागें बसलेली तुमची आई ? नुसत्या कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसींत खासगी मोटारींत बसलेलीं माणसें धरलीं जात नाहींत. सर्वसमावेशक, म्हणजे एजंट जिला 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात त्या पॉलिसींत तीं धरलीं जातात. हा भेद सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालच्या एका निकालांत स्पष्ट केलेला आहे. याचा घरगुती अर्थ असा कीं, अनोळखी वाटसरूची सोय कायद्यानें केली, आणि आपल्या माणसांची सोय आपल्या इच्छेवर सोडली. सर्वसमावेशक पॉलिसीकडे आपण पत्र्याचा व रंगाचा विमा म्हणून पाहतों. ती बसलेल्या माणसांचाहि विमा आहे, हें फारच थोड्यांच्या लक्षांत असतें.

याच्याच शेजारीं आणखी एक खांच आहे. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. परंतु तो ज्याच्या नांवावर गाडीची नोंद आहे व ज्याच्यापाशीं चालविण्याचा परवाना आहे, त्याचाच. आपल्या घरांतून काय दिसतें ? मोटार वडिलांच्या नांवावर, चालविणार मुलगा किंवा सून. वडील मागच्या आसनावर बसून रस्ता सांगतात. अशा वेळीं त्या पंधरा लाखांचें छत्र गाडी हांकणाऱ्याच्या डोक्यावर नसतें. शिवाय दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालविणारा मनुष्य मालकाच्याच जागीं उभा राहतो, तिऱ्हाईत ठरत नाहीं, असेंहि न्यायालयाचें म्हणणें २००९ पासून आहे. यावर उपाय दोन : जो नित्य चालवितो त्याच्या नांवावर गाडी करावी, अथवा त्याचा स्वतंत्र अपघात-विमा उतरावा. वडिलांच्या मानासाठीं नोंद त्यांच्या नांवें ठेवणाऱ्यांनीं निदान दुसरा उपाय तरी चुकवूं नये. आणि परवाना न मिळालेल्या चिरंजीवांच्या हातीं किल्ली देणाऱ्यांस एवढेंच सांगतों कीं, असल्या प्रकरणीं कंपनी जखमी मनुष्यास पैसे देऊन तेच पैसे मालकाकडून वसूल करूं शकते.

तुलना करावयाची ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागांत, कारण २००७ पासून तेथील दर कंपन्यांच्या स्वाधीन आहेत. या भागाचा पाया म्हणजे गाडीचें विमा-मूल्य. एजंट याला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीस गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या पाऊणपटीच्या वर गेला, तर हीच रक्कम हातीं येते. मूळ छापील किमतींतून घसारा वजा करून तें काढितात : सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि पुढें दर वर्षीं दहा दहा वाढत पांचव्या वर्षीं ५०. त्यानंतर कंपनी व मालक यांच्या संमतीनें.

गोम येथें आहे. समजा, आठ लाखांची, १,२०० सी. सी. ची मोटार साडेतीन वर्षांची झाली. शेकडा ४० घसारा गेला, विमा-मूल्य ४,८०,०००. दर शेकडा दीड रुपया धरला तर हप्ता ७,२००. तीन वर्षें दावा केला नाहीं म्हणून शेकडा ३५ सूट, राहिले ४,६८०. दुसरी कंपनी तोच दर लावते, पण मूल्य ४,१०,००० धरते. तिचा हप्ता सूट जाऊन ३,९९७ रुपये ५० पैसे. करासह फरक सुमारें ८०५ रुपये. गाडी चोरीस गेली तर फरक ७०,००० रुपये ! मीं पस्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविलें. पहिलें पद बदलून मग उत्तरांची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देतां येत नसत. दोन कंपन्यांचे आंकडे ताडून पाहावयाचे तर आधीं दोघींचें विमा-मूल्य एकच करून मागावें.

दुसरा घसारा सुट्या भागांचा. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर सरसकट शेकडा ५०. कांचेवर कांहीं नाहीं. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें, म्हणजे आपल्या साडेतीन वर्षांच्या गाडीस २५. आतां धडक होऊन ३६,००० चें बिल झालें असें धरूं : प्लॅस्टिकचा बंपर १२,०००, पत्र्याचे भाग १०,०००, समोरची कांच ८,०००, मजुरी ६,०००. कंपनी अनुक्रमें ६,०००, ७,५००, ८,००० व ६,००० मान्य करील. त्यांतून प्रत्येक दाव्यास मालकानें सोसावयाचे १,००० (१,५०० सी. सी. वरील गाडीस २,०००) वजा जातील. हातीं २६,५००, पदरचे ९,५००. 'झिरो डेप' म्हणून जो जादा हप्त्याचा जोड मिळतो त्यानें हा घसारा माफ होतो, व पदरचे हजारच राहतात. हल्लींच्या गाड्यांत प्लॅस्टिक इतकें आहे कीं, पहिलीं पांच वर्षें हा जोड घ्यावा असें माझें मत आहे.

परंतु जोड घेतला म्हणून प्रत्येक ओरखड्याला दावा करूं नये. न मागितल्याबद्दलची सूट पायरीपायरीनें चढते : २०, २५, ३५, ४५, ५०. एक दावा केला कीं पुन्हा शून्यावर. वरच्याच गाडीचा पुढील हप्ता दर वर्षीं ६,००० धरला, तर दावा न केल्यास सूट ४५ व मग ५० राहिली असती. दावा केल्यास शून्य, २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढण. पांच वर्षांतील फरक भरतो २,७००, १,८००, १,५००, ९०० व ३००, एकूण ७,२०० ; कर निराळा. म्हणजे पांच हजारांच्या बिलासाठीं कंपनीचें दार ठोठावणारा गृहस्थ दोन हजारांनीं खालीं येतो, आणि गॅरेजवाला त्याला "साहेब, क्लेममध्यें करून टाकूं" म्हणून उपकार केल्याचें दाखवितो. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, हेंहि ध्यानांत असावें. जुनी गाडी विकतांना तिचा दाखला मागून घेतला, तर नव्या गाडीस ती लागूं पडते.

पाण्याविषयीं थोडक्यांत. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हांपासून पुराच्या नुकसानीची विचारपूस लोक करूं लागले. सर्वसमावेशक पॉलिसींत पूर धरलेला असतो. मात्र पाण्यांत बंद पडलेली गाडी मालकानें पुन्हा पुन्हा सुरू करूं पाहिली व त्यानें इंजिन निकामी झालें, तर तें पुराचें नुकसान नव्हे असें कंपनी म्हणते. इंजिनाचा निराळा जोड घेतला नसेल तर गाडी ढकलून किंवा ओढून न्यावी. किल्लीला हात लावूं नये.

राहिली जुनी गाडी. दहा वर्षें झालीं, आतां कशाला पूर्ण विमा, म्हणून पुष्कळ जण नुसता तिऱ्हाइताचा ठेवितात. पत्र्यापुरतें पाहिलें तर त्यांत शहाणपण आहे. परंतु गाडीचें मूल्य दीड लाख, दर शेकडा दोन, सूट ५० धरली तर वांचतात किती ? करासह १,७७० रुपये. तेवढ्यासाठीं मागच्या आसनावरचीं माणसें पॉलिसीबाहेर जातात. ज्या गाडींत एकटाच मनुष्य बाजारहाट करितो, तिची गोष्ट वेगळी ; ज्या गाडीनें कुटुंब गणपतीला कोंकणांत उतरतें, तिचा हा भाग सोडूं नये.

शेवटची बाब नाजूक, पण घराघरांतील आहे. कर्ता पुरुष वारतो, आणि त्याच्या नांवाची मोटार वर्षानुवर्षें तशीच फिरत राहते. नांव काढणें घरच्यांच्या जिवावर येतें. पॉलिसींत याबद्दल स्पष्ट अट छापलेली असते : विमेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिने, किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंवरच ती चालते. तेवढ्या अवधींत वारसानें मृत्यूचा दाखला, गाडीवरील हक्काचा पुरावा व मूळ पॉलिसी जोडून अर्ज करावयाचा असतो. पत्नी, मुलें किंवा आईबाप यांच्याकडे गाडी आली, तर गेलेल्याची न मागितल्याबद्दलची सूटहि त्यांना मिळूं शकते. दिवसकार्य आटोपल्यावर बँकेचे व घराचे कागद जेथें काढले जातात, तेथेंच हाहि कागद काढून ठेवावा.