आधी दप्तर, मग पेटी

मंडळाच्या गेल्या बैठकीत चहापानाच्या वेळी जो विषय निघाला तो साहित्याचा नव्हता. तरी त्याने उपस्थितांचा जितका वेळ घेतला तितका त्या दिवशीच्या व्याख्यानानेही घेतला नाही, हे प्रांजळपणे नमूद करावे लागते. विषय होता घरातल्या संगणकाचा. 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली; आता ती बदलावी, की आहे तशीच चालू द्यावी? पाहता पाहता दोन तट पडले. एका तटाचे धुरीण, आमचे एक ज्येष्ठ स्नेही व निवृत्त अध्यापक, म्हणाले, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा? आपल्या संगणकात चोरण्यासारखं आहे तरी काय?" दुसऱ्या तटात बहुतेक असे पालक होते, की ज्यांची मुले पुण्यात वा बेंगळुरूत नोकरीस आहेत. त्यांचे म्हणणे असे, की मुलगा नवा संगणक पाठवतोच आहे, तेव्हा जुने खोके भंगारात देऊन मोकळे व्हावे. मंडळाच्या कार्यालयातील संगणकाचीही त्याच रीतीने विल्हेवाट लावावी, अशी सूचना त्या ओघात पुढे आली आणि ती पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर जाणार आहे. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. बैठकीत बोलण्यास वेळ मिळाला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम 'हात कशाला लावायचा' या पक्षाविषयी. मुदत संपली याचा अर्थ संगणक बंद पडला असा नव्हे, एवढे त्यांचे खरे आहे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, पत्रही छापून देतो. बंद झाले आहे ते डागडुजीचे काम. कार्यप्रणालीत सापडणारी भोके बुजविण्यासाठी दरमहा येणारी सुधारणा आता आपोआप येत नाही. एक वर्षाची मुदतवाढ कंपनीने जाहीर केली खरी, पण ती नोंदणी करणाऱ्यास, आणि तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. भोक राहिले तर काय होते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले आहे. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. ते भोक बुजविणारी सुधारणा दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते मुख्यतः बळी पडले. हा विषाणू काही चोरत नसे. तो धारिका कुलूपबंद करी आणि किल्लीचे मोल मागे. म्हणजे 'चोरण्यासारखे काय आहे' हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. आपल्या दृष्टीने गमावण्यासारखे काय आहे, असे विचारावयास हवे. शिवाय ज्या स्नेह्यांनी हा प्रश्न केला, ते त्याच यंत्रावर बँकेचा व्यवहार करतात व निवृत्तिवेतन जमा झाले की नाही ते पाहतात, हे मी जाणून आहे. कडी न लावता घर उघडे ठेवून यात्रेला जावे, आणि 'घरात आहे काय' म्हणावे, यातला हा प्रकार झाला.

आता 'भंगारात द्या' हा पक्ष. नव्या 'विंडोज ११'साठी कंपनीने जी अट घातली आहे ती अशी, की यंत्रात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी, आणि प्रक्रियक साधारणतः २०१८ नंतरच्या पिढीचा हवा. माझा संगणक २०१६ सालचा. त्यात काही बिघाड नाही. लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार, छपाई, एवढ्या कामास तो आणखी पाच वर्षे सहज पुरेल. तरी तो अपात्र. सरकारी नोकरीत मी पात्रतेचे अनेक चमत्कारिक निकष पाहिले, राबवलेही. परंतु धडधाकट कर्मचाऱ्यास जन्मसाल पाहून घरी बसवण्याचा अधिकार विक्रेत्याला असावा, हे मला अद्याप पटलेले नाही. सुरक्षेचे कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण त्या कारणाची किंमत सर्वस्वी ग्राहकाने मोजावी आणि जगभरच्या चांगल्या यंत्रांचा उकिरडा व्हावा, हा न्याय कोणता? मुलाने पैसे दिले म्हणून किंमत शून्य होत नाही.

परंतु कंपनीवर आग पाखडून आपली सुटका होणार नाही. कारण या वादात दोन्ही तटांनी जो मुद्दा विचारातच घेतला नाही, त्यात कंपनीचा दोष नाही. तो दोष आपला आहे.

आपल्यापैकी ज्यांनी १९९५ ते २०१० या काळात संगणकावर मराठी लिहिले, त्यांनी ते बहुतेक जुन्या पद्धतीच्या फाँटात लिहिले. त्या पद्धतीची गोम अशी, की संगणकाच्या स्मृतीत मराठी अक्षर कधी नोंदलेच जात नसे. नोंद होई ती रोमन अक्षरांची व चिन्हांची. फाँट केवळ त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. मुखवटा काढला, की खाली निरर्थक चिन्हांचा ढीग. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा, त्यामुळे एकाचे लिहिलेले दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नसे. 'युनिकोड'मध्ये असे होत नाही. तेथे 'क' या अक्षराला ०९१५ हा त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. यंत्र कोणतेही असो, 'क' तो 'क'च. विंडोजमध्ये ही सोय प्रथम 'विंडोज २०००' या आवृत्तीत आली, आणि तिच्यासोबतचे 'मंगल' हे देवनागरी अक्षररूप घडवले ते आपल्या र. कृ. जोशी यांनी. कवी व सुलेखनकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आपल्या सभासदांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. म्हणजे पाव शतकापूर्वी दार उघडले होते. आपण मात्र 'आमचा जुना फाँट देखणा आहे' म्हणत बाहेरच उभे राहिलो. मीही त्यातलाच.

(जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आम्हा सीमाभागातील लोकांच्या जिव्हाळ्याची आहे. युनिकोडपूर्वी भारत सरकारने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. तिच्यात देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांचा संकेत एकच होता. त्याच मजकुराला लिपी बदलण्याची आज्ञा दिली, की तो दुसऱ्या लिपीत उभा राही. इनस्क्रिप्ट कळफलकावर आजही मराठी 'क' व कन्नड 'क' एकाच कळीवर आहे. दोन भाषांत आयुष्य काढलेल्या आपणांस याहून सोयीचे काय असणार? पण कचेरीत मी 'नुडी'च्या कळांवर हात बसवला, घरी एका मराठी पॅकेजच्या, आणि दोन्हींची जन्मभर सरमिसळ करीत राहिलो.)

आमच्या माडीवर एक लोखंडी पेटी आहे. तीत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत; काही वाटणीचे, काही सावकारीचे, काही निव्वळ खुशालीची पत्रे असावीत. 'असावीत' म्हणतो, कारण आमच्या घरात ते वाचणारे शेवटचे माणूस म्हणजे माझे चुलत आजोबा, ते गेल्याला पन्नास वर्षे होत आली. कागदाला वाळवी लागलेली नाही. शाईही शाबूत आहे. वाचणारा तेवढा नाही. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, जेथे जेथे आपली जुनी घरे आहेत तेथे अशी एखादी पेटी असतेच. निजामी अंमलातील फारसी-उर्दू, घरातली मोडी, शाळेतली बाळबोध, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर कन्नड, इतकी स्थित्यंतरे आपल्या कुटुंबांनी तीन पिढ्यांत पाहिली. प्रत्येक स्थित्यंतरात ज्यांनी वेळीच नक्कल उतरवून घेतली त्यांचे दप्तर बोलते राहिले; ज्यांनी 'पेटीत सुरक्षित आहे' म्हटले त्यांचे मुके झाले. जुन्या फाँटातील धारिका ही संगणकातली मोडी आहे. फरक इतकाच, की पहिली मुकी होण्यास पन्नास वर्षे लागली, हिला पंधरा पुरली.

माझ्या बाबतीत ते घडूनही गेले आहे. काही वर्षांपूर्वी येथील एका दुकानात मी माझा त्याआधीचा संगणक दुरुस्तीस दिला. त्या सद्गृहस्थांनी न विचारता नवी कार्यप्रणाली बसवून दिली, आणि ती करताना जुने पॅकेज गेले. धारिका राहिल्या, फाँट गेला. आमच्या वडिलांच्या आठवणी, ज्या मी त्यांच्या शेजारी बसून दोन उन्हाळे टंकित केल्या होत्या, रझाकारांच्या दिवसांत कुटुंब सोलापूरकडे कसे गेले व सप्टेंबर १९४८ नंतर कसे परतले ते सारे ज्यांत आहे, त्या उघडल्या तर पडद्यावर कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे. वडील तोवर वारले होते. छापील प्रत एका बहिणीकडे निघाली म्हणून वाचलो. तीही शेवटची अकरा पाने सोडून.

महसूल खात्यातील एक अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. २००० सालाच्या आसपास कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली पहाणीपत्रकांचे संगणकीकरण झाले. राज्यभरातील सुमारे दोन कोटी पत्रके. आज त्या योजनेची स्तुती होते ती संगणकाची. पण जे त्या कामात होते त्यांना विचारा. यंत्रे तालुक्याला केव्हा आली हे कोणाच्या फारसे स्मरणात नाही. स्मरणात आहे ती पडताळणी. हस्तलिखित वहीतील नोंद आधी उतरवायची, तिचा छापील उतारा काढायचा, ग्रामलेखपालाने, म्हणजे आपल्या तलाठ्याने, तो मूळ वहीशी ताडून सही करायची, चुका दुरुस्त करायच्या; आणि मगच हस्तलिखित पहाणीचा अंमल संपुष्टात आणायचा. कोणी वही आधी जाळून मग संगणक मागवला नाही. एका सर्व्हे नंबरच्या मालकाचे नाव चुकले तर काय अनर्थ होतो हे ठाऊक असल्यामुळे ही शिस्त होती. आपल्या लेखनाबाबत ती का नसावी? आपले लेखन सात गुंठ्यांहूनही हलके आहे काय?

जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये मजकूर उतरवणारी साधने आता उपलब्ध आहेत, काही विनामूल्यही. पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. मराठीतला 'ऱ्य' त्यांना वारंवार चकवतो. आपल्या मंडळाच्या एका जुन्या अंकातील सत्कारवृत्त मी उतरवून पाहिले, तर 'आचार्यांना शाल व श्रीफळ' याचे 'आचाऱ्यांना शाल व श्रीफळ' झाले होते. ज्यांचा सत्कार होता ते हयात असते तर हसले असते. सर्वांनाच हसू येईल असे नाही. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकणे, 'ॲ' गळून पडणे, जोडाक्षरे फुटणे, हे तर नित्याचे. म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून गेलेच पाहिजे, आणि ते काम यंत्र अथवा बेंगळुरूचा मुलगा करणार नाही. ते ज्यांना मराठी येते व ज्यांच्याकडे दुपारचा वेळ आहे अशा आपल्यासारख्यांनीच करावयाचे आहे.

मंडळाच्या संगणकात १९९८ ते २०११ या काळातील अंक आहेत ते 'पेजमेकर'मध्ये जुळवलेले. त्या आज्ञावलीची सुधारणा कंपनीने केव्हाच सोडून दिली, आणि तिच्या जागी आलेल्या 'इनडिझाइन'च्या अलीकडच्या आवृत्त्या त्या धारिका उघडीतही नाहीत. ते अंक आज जगातील ज्या थोड्या यंत्रांवर उघडतात त्यांपैकी एक यंत्र आपण भंगारात देण्याचा ठराव करणार आहोत. या ठरावाला माझा स्पष्ट विरोध आहे व तो बैठकीतही राहील.

मग करावे काय? मी माझ्या घरी जे केले ते सांगतो. जुन्या संगणकाची आंतरजालाची तार प्रथम काढली. बँक व पत्रव्यवहार तात्पुरता सुनेच्या यंत्रावर नेला. सर्व धारिकांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या, पैकी एक कलबुर्गीस भावाकडे ठेवली. जे फाँट उरले होते तेही धारिकांसोबत जपले, कारण मुखवट्यावाचून चेहरा ओळखता येत नाही. त्यानंतर रोज चार-पाच पाने उतरवणे व वाचणे. पाच महिने लागले. एवढे झाल्यावर कार्यप्रणालीचा प्रश्न आपसूक लहान झाला. मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडणार असेल, तर विंडोजची नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, की लिनक्स, हा केवळ सोयीचा भाग राहतो. मी जुन्या यंत्रावर लिनक्स घातले. ते विनामूल्य आहे, त्याला यंत्राचे जन्मसाल चालते, मराठी व कन्नड दोन्ही त्यावर नीट लिहिता येतात. केरळातील सरकारी शाळांत तेच वर्षानुवर्षे चालते, तेव्हा साठीतल्या माणसाला ते झेपणार नाही ही सबब मी स्वतःलाही लावू दिली नाही. पहिले पंधरा दिवस छपाईयंत्राने रडवले, हे कबूल करतो. ज्यांना विंडोजवाचून गत्यंतर नाही त्यांनी नवे यंत्र अवश्य घ्यावे. माझे भांडण क्रमाशी आहे, खरेदीशी नाही.

मंडळाच्या अंकांसाठी चार जणांची आवश्यकता आहे. दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मी कार्यालयात बसेन. येताना आपल्या घरच्या जुन्या धारिका असतील तर त्याही आणाव्यात, आणि ज्या फाँटात त्या लिहिल्या त्याचे नाव आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून आणावे. १९९८च्या दिवाळी अंकाची छापील प्रत कोणाकडे असल्यास ती मात्र आधी हवी. मंडळाकडे ती नाही, आणि ताडण्यास मूळ वही नसेल तर त्या अंकाला हात लावता येणार नाही.